फियाटमधल्या गालिच्याची घालमेल

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. दिवाणखान्यातला नव्हे, मोटारीतला. तुम्ही मला कार्पेट म्हणाल, खुशाल म्हणा. सध्या पनवेलमध्ये धनेशच्या सीट कव्हरच्या दुकानाबाहेर माझा मुक्काम आहे, आणि स्वस्थ पडून राहणं मला अजूनही जमत नाही. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नव्हतं.

माझा जन्म कुठल्या गिरणीत झाला ते मला आठवत नाही. आठवते ती कात्री. भल्यामोठ्या गुंडाळीतून मला कापलं आणि गर्शोमकाकांच्या कोऱ्या पांढऱ्या फियाटमध्ये बसवलं. रंग माझा मरून, लव दाट. आमच्या आळीतली मोठी माणसंसुद्धा चपला हातात घेऊन गाडीत बसायची. मला कॉलर नसली तरी ती तेव्हा ताठ होती, असं म्हणायला हरकत नाही.

काका न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरीला होते आणि हदासाकाकू शाळेत शिकवायच्या. दोघं ज्यू, शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे सक्तीच्या विश्रांतीचा वार, म्हणून गाडी जागची हलायची नाही. तेवढाच मला विसावा. नवस फेडायला ते अलिबागकडे जायचे, येताना मलिद्याचे, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाचे, गोड पोहे माझ्यावर सांडायचे आणि पुढे आठवडाभर मुंग्या माझा पिच्छा सोडायच्या नाहीत.

पण मुंग्यांचं काय घेऊन बसलात? मला खरा जाच होता तो काकूंच्या टाचेचा. गाडी काका चालवायचे आणि ब्रेक काकू दाबायच्या. खरा ब्रेक काकांच्या पायाखाली, काकूंचा माझ्यावर. समोर म्हैस दिसली की दाबला, कर्नाळ्याचं वळण आलं की दाबला. त्यांचा मुलगा अवीव लहानपणी मागून म्हणायचा, "पप्पा, गाडी आईच थांबवते." सगळे हसायचे, काकूही हसायच्या, पण टाच काही उचलायच्या नाहीत. म्हणून माझी डावी बाजू आधी विरली.

मग दिवस पालटले. काका निवृत्त झाले, अवीव पुण्याला गेला, गाडी कमी निघू लागली. पुढच्या काचेचं रबर आखडलं आणि पावसाचं पाणी माझ्या त्याच विरलेल्या बाजूत झिरपायला लागलं. मी ओला झालो की कुणी वाळवायचं नाही. माझ्याखालचा पत्रा गंजत चालला होता. तो रोज थोडा थोडा माझा हात सोडत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

एकदा झाडताना काकांनी माझी कड उचलली. खालच्या पत्र्याची चाळणी झालेली त्यांनी पाहिली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घरात जाऊन तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा आणला, भोकावर ठेवला आणि मला वरून नीट पसरलं. कुणाला चकार शब्द बोलले नाहीत. अवीवने बजावलं होतं ना, "पप्पा, या गाडीचं आता आणखी काही निघालं, तर मी ती सरळ कळंबोलीला भंगारात देणार." काकांचा गाडीवर जीव होता. मला त्यांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण भोक झाकलेलं राहणार म्हणजे मीही गाडीत राहणार.

तरी तेव्हापासून माझा एकही धागा स्वस्थ नव्हता. तेलाच्या डब्याचा पत्रा तो, किती दिवस टिकणार?

गेल्या महिन्यात काकूंनी नाकाला पदर लावला. "अहो, या कार्पेटला कुबट वास येतो. बदला आता." मग आम्ही धनेशकडे आलो. त्याने नमुन्याचे तुकडे बॉनेटवर मांडले. काकांनी मरून उचलला. "यावर डाग दिसत नाहीत," ते म्हणाले.

"मला दिसायला हवेत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फिक्या मातकट रंगाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "घाण दिसली नाही तर झाडणार काय?"

बराच वेळ घासाघीस झाली आणि शेवटी काकांचा मरून ठरला. काकू जरा लांब गेल्या तसे काका हळूच धनेशला म्हणाले, "जुनं उचलू नकोस हं. त्याच्यावरच नवं चिकटव."

"काका, आमी जुना काढल्याबिगर नवा टाकत नाय," धनेश म्हणाला. "वरच्यावर टाकला का फुगा येतो."

"येऊ दे फुगा. माझी गाडी आहे."

"तुमची हाय, तर तुमी सांगाल तसा," धनेश म्हणाला आणि विषय संपला.

मित्रांनो, मी सुटलो होतो. नव्याच्या खाली अंधारात का होईना, गाडीतच राहणार होतो. पण काकूंच्या टाचेखाली काय आहे ते काकांखेरीज मलाच ठाऊक होतं. राहावं तर काकूंच्या पायाचं काय? निघावं तर माझं काय? धनेशने दिलेला कामाचा दिवस उजाडेपर्यंत हेच दळण माझ्या मनात चालू होतं.

त्या दिवशी दुकानाकडे येताना एक कंटेनर आडवा आला. काकांनी ब्रेक दाबला, काकूंनीही दाबला. तेलाच्या डब्याचा पत्रा सरकला. मी होतं नव्हतं ते बळ एकवटून काकूंची टाच तोलून धरली.

"अहो, माझ्या पायाला वारा लागतोय," काकू म्हणाल्या.

"खिडकी उघडी आहे."

"खिडकीतला वारा तोंडाला लागतो. हा खालून येतोय."

दुकान आलं. काकू उतरल्या, त्यांनी दार हळूच लावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला हवं ते कार्पेट टाका, हवं तसं टाका. परत जाताना मी मागे बसेन. आजपासून मागेच."

धनेशने सीटा काढल्या, चिकटवायचं सोल्युशन उघडलं. काका काकूंच्या सीटच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग खाली वाकले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मला धरून ओढलं. मी घट्ट बिलगून बसलो होतो हो! भीतीनं बसलो होतो. दुसऱ्या हिसक्याला सुटलो.

खाली दुकानाची फरशी दिसत होती.

"काका, हितून तर अख्खा पाय जाईल," धनेश म्हणाला.

काकांनी अवीवला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. त्याने आधी एवढंच विचारलं, "आई कुठे बसली होती?"

"पुढे," काका म्हणाले.

काकूंनी फोन घेतला. "अवीव, गाडी कुठेही जाणार नाही. नवा पत्रा बसवून घेऊ. या गाडीत मी जन्मभर भीत भीत बसले, आता जरा निश्चिंत बसू दे." आणि धनेशकडे वळून म्हणाल्या, "रंग मात्र फिका."

गंजकं कापून काढलं, नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला, त्यावर गंज न चढणारा रंग दिला, काचेचं रबर बदललं. मग तागाचा जाड थर आला आणि त्यावर तो मातकट पोरगा. आधी मधल्या उंचवट्यावर, मग दोन्ही बाजूंना. धनेश हे सगळं माझ्यावर गुडघे टेकून करत होता, त्यामुळे मला जवळून पाहता आलं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं दडपण उतरलं. काकू पुढेच बसून गेल्या. माझ्याकडे मागे वळून पाहायला कुणी थांबलं नाही.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात, गाडीत, कुठेही पायाखाली मऊ लागलं तर वरून नवं काही पसरू नका. वाका, कड धरा आणि उचलून बघा. आणि उचलताना जुनं कुणी चिकटून बसलेलं हाताला लागलं, तर त्याच्यावर चिडू नका. भोक त्यानं पाडलेलं नसतं. ते बिचारं इतके दिवस एकट्यानं तुमचा पाय तोलून धरत असतं.