बाजूचं काम

गडी पुन्हा दरीत पडला. कुशाबानं मोबाईल मांडीवर आपटला नाही, पण आपटावासा वाटला हे त्याच्या आवळलेल्या ओठांवरून दिसत होतं.

"अंगठा उशिरा उचलताय, आबा," त्याचा मुलगा हर्षद म्हणाला. "कडेला आला की लगेच उडी."

"कडेला आल्यावर मानूस आधी खाली बघतो, मंग उडी मारतो. तुझा गडी बघतच नाय."

हर्षद हसला आणि त्यानं लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं. आबा कुठं अडखळतो, कुठं चिडतो, कुठं मोबाईल बाजूला ठेवतो, हे टिपायचं हेच तर त्याचं काम होतं. पुण्याच्या एका कंपनीचा 'डोंगरगडी' नावाचा खेळ तो महाडच्या या दोन खोल्यांत बसून घडवायचा. मुंडासं बांधलेला एक बुटका गडी कड्यावरून कड्यावर उड्या मारत वर वर जातो, एवढाच तो खेळ. दोन भाग बाजारात आले होते, तिसरा व्हायला आला होता. डोंगर उभे करायचे ते हर्षदनं, आणि नवा डोंगर तयार झाला की तो पहिल्यांदा चढायचा कुशाबानं. ज्याच्या हातात जन्मभर नांगराशिवाय काही आलं नाही त्याला जमलं, तर मग कुणालाही जमेल, असा कंपनीचा सरळ विचार होता.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं कुशाबा दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी मोबाईल मागून घ्यायचा. खोटं कशाला बोला, त्याला त्या गड्याचा लळा लागला होता. वाडी गेली, तिच्याबरोबर शेत गेलं, आणि हात मात्र उरले होते. त्या हातांचं करायचं काय, हे महाडात त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला सगळ्यात आवडायची ती बाजूची कामं. माथ्यावर जाणारी वाट एकच, पण वाटेत कुठंकुठं कंदील लटकलेला दिसायचा. तिकडं वळलं की कुणाची तरी हरवलेली शेळी शोधून द्यायची असायची, कुणा म्हातारीचा भारा खाली पोचवायचा असायचा. नाही केलं तरी खेळ अडत नसे. केलं तर काहीतरी हाती लागायचं: लाल मुंडासं, घोंगडी, पहिल्या भागात तर गड्याच्या मागंमागं पळणारं एक कुत्रं. शहरातली बरीचशी पोरं ही कामं सोडून सरळ माथा गाठतात, असं हर्षदनं सांगितलं तेव्हा कुशाबाला पटलंच नव्हतं.

"कुनी हाक मारली आनि आपन फुडं गेलो, असं कसं रे?"

मार्चचा उकाडा होता. चवदार तळ्याकडं माणसं जमायला लागली होती आणि स्पीकरचा आवाज खिडकीतून येत होता. कुशाबा बंडी काढून उघडाच बसला होता. त्याच्या करगोट्याला एक छोटी पितळी चावी बांधलेली होती. घामानं तिच्याभोवती कातडीवर हिरवट डाग पडला होता.

चहाचे कप न्यायला आलेली सून, प्रियदर्शिनी, नेहमीसारखी म्हणाली, "आबा, घर गेलं, दार गेलं, आणि चावी तेवढी सांभाळून ठेवलीत. टोचत नाही का? एखादं कुलूप तरी आणून देऊ का तिला?"

"असू दे गो," कुशाबा म्हणाला. हर्षदला ती जुन्या ट्रंकेची वाटायची. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

गडी अखेर दरी ओलांडून पलीकडं गेला. हर्षदनं मोबाईल घेतला, बोटानं काहीतरी सरकवलं आणि परत दिला.

"आता शेवटचा डोंगर. हा जरा वेगळा हाय."

एरवी तो शेजारी बसायचा. आज उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पडद्यावर पाऊस पडत होता. खाली उंबराचा पार. पारावरून वर चढत जाणारी दगडी पाखाडी, तिच्या वळणावर निळा पिंप आणि पिंपामागं चांगूचं घर. वर आणखी चार घरं, त्यांच्याही वर एक पडवी, पडवीच्या कुडाला टेकवलेली शिडी. पडवीच्या बाजूला गोठा. कुशाबाचा अंगठा काचेवर होता तिथंच राहिला. कुणी हलवत नाही म्हटल्यावर गड्यानं मुंडासं काढलं, त्यातलं पाणी झटकलं आणि परत बांधलं.

"ही आपली वाडी," कुशाबा म्हणाला.

"हो."

"कोनाला इचारून काढलीस?"

"तुम्हालाच विचारतोय आता. सोमवारी कंपनीला द्यायचाय हा भाग. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकतो."

कुशाबानं गडी हलवला. वाट अवघड नव्हती. दार ठोठवायचं, माणसं बाहेर काढायची, पाराकडं धाडायची, आणि मागून डोंगर खाली यायच्या आत त्यांच्याबरोबर वाडीबाहेर पडायचं. चंदू निघाला, त्याची म्हातारी निघाली, चांगू निघाला. चार वर्षांपूर्वीच्या आषाढात दरड आली तेव्हा निघाले होते तसेच. आणि गोठ्यावर कंदील लटकत होता.

"हे काय?"

"बाजूचं काम. म्हैस सोडवायची."

"नाय सोडवली तर?"

"खेळ पुढं जातो."

पडद्याच्या तळाशी मिळायच्या वस्तूंची रांग होती. मुंडासं, घोंगडी, कुत्रं, सगळी रंगीत. शेवटची जागा काळी होती. नुसती एका बाईची सावली, कमरेत किंचित वाकलेली, डावा हात गुडघ्यावर. राहीबाईचा गुडघा दुखायचा तेव्हा ती अशीच उभी राहायची. कुशाबानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"ही तुजी आय."

"बाजूचं काम केलं की ती मिळते." हर्षद खिडकीकडंच बघत होता. "मग गड्याच्या जागी तिला घेऊन कुठलाही डोंगर चढता येतो."

खेळ करणाऱ्या पोराच्या हातून आईचं याहून चांगलं काय व्हावं? पण हर्षदच्या बोलण्यात माया कमी आणि खटला जास्त होता. तो वळला तेव्हा त्याच्या मानेची शीर फुगलेली होती.

"आबा, मी सगळं मापून बसवलंय. चांगूकाका सांगतो, आई पारापर्यंत आली होती. सगळ्यांबरोबर. आणि म्हशीसाठी मागं फिरली. पारापासून गोठा केवढा? आणि दावं सोडायला असा किती वेळ लागतो? ती तर एका हिसक्यात सोडायची. मी तिचा गुडघासुद्धा धरलाय, तिला हळू चालवलंय. किती वेळा खेळून बघितलं. दर वेळी ती पारावर परत येते, आबा. दर वेळी. मग तेव्हा का नाय आली?"

कुशाबाची बोटं करगोट्याकडं गेली आणि परत आली.

दहाव्याला सगळे म्हणाले होते, बाईनं म्हशीपायी जीव घालवला. पाव्हणे म्हणाले, वाडीतले म्हणाले. मुंबईहून धावत आलेल्या हर्षदनं ते ऐकलं आणि त्याच्या मनात आईबद्दल जी अढी बसली ती बसलीच. आम्ही होतो ना, मग म्हैस मोठी झाली का हिला, असं तो एकदाच बोलला होता. महाडात बिऱ्हाड केलं तेव्हा प्रियदर्शिनीनं सासूचा फोटो मोठा करून, चौकट घालून आणला. त्यानं तो लावू दिला नाही. तो अजून कुठल्याशा कपाटात साड्यांच्या घडीत होता. आणि कुशाबा चार वर्षं ते बघत होता, ऐकत होता, आणि गप्प होता. बायको बदनाम होत होती आणि नवऱ्याच्या तोंडाला कुलूप होतं, असं म्हटलं तरी चालेल.

"खेळा ना," हर्षद म्हणाला. "तुम्हीच बघा."

कुशाबानं गडी वर नेला. गोठ्याच्या दारात राहीबाई उभी होती, हिरव्या लुगड्यात, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. आत म्हैस. खुंट्याला दावं. त्यानं अंगठा दाबला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा दावं सुटलं. म्हैस शिंगं हलवत बाहेर पळाली आणि तिच्यामागून राहीबाई गुडघा धरत, पाखाडीची एकेक पायरी उतरत, चांगूच्या पिंपावरून वळून पारावर आली. मागं डोंगर खाली आला. गोठा गेला, पडवी गेली. ती पारावर उभी होती. तळाच्या रांगेतली काळी सावली हळूहळू हिरवी झाली, तिनं गुडघ्यावरचा हात काढला आणि डोळ्यांवर आडवा धरून समोर बघितलं.

कुशाबाला वाटलं, ती आपल्याकडंच बघतेय. त्याला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्या वर्षी म्हशीनं दावं तोडून चांगूचं भाताचं रोप खाल्लं होतं. लावणीच्या तोंडावर रोप गेलं म्हणजे वर्ष गेलं. चांगू दारात येऊन नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी कुशाबा महाडच्या बाजारातून साखळी घेऊन आला. पण साखळीनं भागणार नव्हतं, कारण राहीबाईचा हात सैल. म्हैस ओरडली की हिला पान्हा फुटायचा आणि ही तिला मोकळी करायची. म्हणून त्यानं साखळीला कुलूप घातलं. "आता बघतो कशी सोडतेस," असंही म्हणाला होता. ती हसली होती. मग बहिणीकडच्या पूजेसाठी तो नाते गावी गेला, चावी करगोट्याला बांधून. एका रात्रीचाच प्रश्न होता. त्या रात्रीत रस्ते बंद झाले आणि तो तिथंच अडकला.

ती सापडली तेव्हा तिच्या हाताजवळ पहार होती. पाण्याला वाट करून द्यायला घेतली असेल, असं लोकांना वाटलं. कुशाबाला पहार बघताच कळलं होतं. ती खुंटा उपटायला गेली होती. तो खुंटा त्यानं स्वतः ठोकला होता, हातभर खोल, बाजूनं दगड भरून.

"बघितलंत?" हर्षद विचारत होता. "आली ना? मी कुठं चुकतोय तेवढं सांगा. तुम्हाला गोठा माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला वाटतं ती तिथं उगाच थांबली. म्हशीला कुरवाळत बसली असेल, तिचं काय सांगावं…"

"थांबली नाय ती."

"मग?"

तळ्याकडचा स्पीकर मध्येच बंद पडला. आत प्रियदर्शिनी भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. नाही म्हटलं असतं तर हर्षदनं हा डोंगर काढून टाकला असता. सोमवार आला असता आणि गेला असता. तेवढं एक 'नको' कुशाबाच्या जिभेवर आलं होतं. त्यानं पडद्यावरच्या हिरव्या लुगड्याकडं बघितलं.

"दावं नव्हतं थितं," तो म्हणाला. "ते दावं काढ."

"दावं नव्हतं? मग काय होतं?"

"साखळी."

हर्षद खिडकीपासून लॅपटॉपपाशी आला. चूक सापडली की त्याचा राग पळायचा, कामाची सवयच तशी होती. "साखळी कधी आणलीत? मी होतो तोवर दावंच होतं."

"चांगूचं रोप खाल्लंन तवा. तू मुंबयला व्हतास."

"बरं." त्याची बोटं भराभर चालली. गोठ्यातलं दावं नाहीसं झालं आणि त्या जागी करडी साखळी आली, एक टोक म्हशीच्या गळ्यात, दुसरं खुंट्याला. "अशी? जाड होती का बारीक?"

"जाड. आनि हितं, खुंट्यापाशी, कुलूप."

हर्षदनं कुलूप रेखाटलं, पिवळं, छोटं. लॅपटॉप जरा लांब धरून त्याकडं बघितलं. मग दर वेळी विचारतो तसं विचारलं, "किती वेळा दाबलं की सुटेल?"

"नाय सुटत."

"तसं नाय हो आबा. किती वेळा…"

"कितीबी वेळा दाब. नाय सुटत."

कुशाबा करगोट्याची गाठ सोडत होता. घामानं आवळलेली गाठ, नखांना दाद देत नव्हती. हर्षद त्याच्या बोटांकडं बघत राहिला. त्यानं मदत केली नाही. शेवटी चावी सुटली आणि कुशाबानं ती लॅपटॉपच्या कडेला, त्या पिवळ्या कुलपाच्या खाली ठेवली.

हर्षदनं एका बोटानं चावी उलटी करून बघितली आणि होती तिथं ठेवली. बापाकडं त्यानं बघितलं नाही. तो उठला आणि आतल्या खोलीच्या दारात गेला.

"प्रियदर्शिनी," त्यानं विचारलं, "आईचा फोटो कुठल्या कपाटात हाय गो?"

एरवी डोंगर संपला की तो आत बघून ओरडायचा, चहा टाक, आबा पास झाले. आज आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.