चार बोटं खाली आलेली जीप

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. जीपच्या पुढच्या डाव्या चाकावर कमानीसारखा वाकून बसतो, खड्ड्याचे दणके स्वतः खातो आणि वरच्या माणसांना नुसता झोका देतो, तो पोलादी पाटा.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी बन्सीच्या जीपमध्ये मी एकवीस माणसं, चार शेळ्या आणि एक रुसलेला नवरदेव पेलला आहे. एका खड्ड्यात असा उसळलो, की नवरदेव टपावरून उडाला तो थेट पुढच्या गावात, मांडवाच्या दारात उतरला. खोटं बोलत असेन तर अंगावर गंज चढो. चढलाय म्हणता? तो वयामुळं.

पण आता सांगतो, त्यातला एक शब्दही फुगवलेला नाही.

बन्सीच्या सासूबाई द्वारकाबाई. त्यांचे गुडघे गेलेले आणि आमच्या जीपची पायरी उंच. लेक सारजाबाई मागून ढकलायची, पण तिला एकटीला त्या पेलायच्या नाहीत. जावयाचा हात धरणं तर द्वारकाबाईंच्या पिढीत बसतच नव्हतं. बन्सी दिसला की आधी पदर सावरायचा, मग बोलायचं.

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी मागं हटलं आणि द्वारकाबाईंचं माहेर, धरणात बुडालेली गव्हाळी, कित्येक वर्षांनी उघडी पडली. माझ्या चाकाच्या सावलीत बसून त्या लेकीला म्हणाल्या, "सारजे, आपल्या न्हाणीचा दगड वर आलाय म्हणं. लग्नाच्या सकाळी मायनं त्याच्यावर बसवून माझं डोकं धुतलं होतं. एकदा बसून यावं वाटतं गं."

"मग सांगते ना यांना."

"नको बाई! दगड बघायला जावयाचं डिझेल जाळू का? तोंड उघडलंस तर माझी शपथ हाय."

आणि बन्सीला काय म्हणाल्या? "पाव्हणं, जरा गाडीत बसून फिरून यावं वाटतं. असंच, सहज."

बन्सी हरखला. तशीच जीप मुकुंदवाडीला सांडू मिस्त्रींकडं नेली. "मिस्त्री, पुढून चार बोटं खाली घ्या. मामींना आपल्या आपण चढता आलं पाहिजे."

"एक पाटा काढून टाका की, झालं काम!" तिथं बसलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं.

"बैलाचा एक पाय काढला तर बैल बुटका होतो व्हय? पडतो!" मिस्त्री कडाडले.

मोठा नेकीचा माणूस. त्यांनी मला गॅसनं तापवलं नाही, कारण तापवलं की पोलादाचा दम जातो. थंडच दाबाखाली धरून माझी कमान हळूहळू उतरवली, आणि उजव्या बाजूच्या भावाचीही तेवढीच. दणका शोषणारे शॉकअब आखूड घातले, बोल्ट नवे आवळले. ब्रेकची नळी ताणत नाही ना, स्टेअरिंग पुरतं फिरवल्यावर टायर कुठं घासत नाही ना, सगळं वाकून पाहिलं. मग हात पुसत विचारलं, "न्यायची कुठं? गाडीचं नाक खाली आलंय. डांबरीवर बिनघोर जा. आडरानात नका नेऊ, बापू."

"छ्या! मामी कशाला आडरानात जात्यात?"

मला तर सगळं ठाऊक होतं! मी जिवाच्या आकांतानं कुईं केलं. मिस्त्रींनी माझ्यावर तेल सोडलं.

दुसऱ्या सकाळी द्वारकाबाईंनी पायरीवर पाय ठेवला, दांडीला धरलं आणि चढल्या. "अगं बया, चढले की गं!" त्या हसल्या, सारजाबाई हसली, बन्सीनं उगाच दोनदा हॉर्न वाजवला. पैठणच्या रस्त्याला लागल्यावर त्या हसण्याच्या भरात त्यांनी धीर केला. "पाव्हणं, जरा धरणाकडं घेता?" आणि दगडाचं सगळं सांगून टाकलं.

"आधी नाय का सांगायचं, मामी!" म्हणत बन्सीनं गाडी लगेच वळवली.

भेगाळलेला गाळ मी पार केला. पुढं जुन्या रस्त्यावर एक ओघळ आडवी होती. असल्या ओघळी मी पूर्वी झोपेत ओलांडायचो. आता चाकं खाली उतरली आणि जीपचं नाक पलीकडच्या काठाला धडकलं. बन्सीनं मागं घेतली, पुन्हा घातली. पुन्हा धडकली. तिसऱ्यांदा बंपरची पट्टीच वाकली. दोन्ही अंगांना चिखल. समोर हाकेच्या अंतरावर भिंतींचे पाये होते आणि त्यांच्यात तो दगड, उन्हात लखलखत.

द्वारकाबाई उतरल्या, लेकीच्या खांद्याला धरून दहा पावलं चालल्या आणि खाली बसल्या.

बन्सी त्यांच्यापुढं पाठ करून उकिडवा बसला. "मामी, पाठीवर बसा."

"जावयाच्या पाठीवर? लोक काय म्हणतील!"

लोक कुठं होते, मित्रांनो? दोन बगळे होते.

बन्सी थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग उठला. सासूचा मान राखायचा म्हणून त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"दिसला ना. बास झालं," द्वारकाबाई म्हणाल्या.

परतताना त्या माझ्याच बाजूला बसल्या होत्या. तोंड खिडकीबाहेर होतं, म्हणून बन्सीला काही दिसलं नाही. पण माणूस हुंदका गिळतं तेव्हा त्याचं वजन हलतं, आणि पाट्याला ते कळतं.

पुढं पाऊस झाला. गव्हाळी पुन्हा पाण्याखाली गेली. पाणी परत हटायला तीन वर्षं लागली. द्वारकाबाई तेवढ्या थांबल्या नाहीत.

त्या गेल्यावर बन्सीनं माझी कमान पुन्हा चढवून घेतली. पाणी हटलं तेव्हा तो एकटाच तिकडं गेला. ओघळ मी एका दमात ओलांडली, कुठं घासलंसुद्धा नाही. दगडापाशी त्यानं इंजिन बंद केलं. किती तरी वेळ तो शेजारच्या मोकळ्या सीटकडं बघत राहिला. खाली उतरला नाही.

आता मी भंगारात पडलो आहे, त्याचं दुःख नाही. पोलाद वितळून पुन्हा काहीतरी होतं. तुमच्याकडं मागणं एवढंच. गाडी खाली घ्यायची तर जाणत्या मिस्त्रीकडूनच घ्या. आणि घरातलं म्हातारं माणूस "असंच, सहज" म्हणालं, तर त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा. "नको" म्हणालं, तर उठू नका. पाठ तशीच वाकवून ठेवा.