पहिल्या बाकाची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव गोड नाही. चर्चमधल्या पहिल्या बाकासमोर मला बिजागऱ्यांवर बसवलं आहे. एरवी मी उभी असते. फादर 'गुडघे टेका' म्हणाले, की मला खाली उतरवतात आणि बाकावरचे सगळे माझ्यावर गुडघे टेकतात. जन्मभर दुसऱ्यांचे गुडघे वाहिल्यावर कोणाचा स्वभाव गोड राहील, तुम्हीच सांगा.

मला घडवणारा सुतार रंधा मारताना माझ्यावर करवादत होता, कारण माझ्या अंगात एक गाठ होती. ती त्याला काही काढता आली नाही. शेवटी त्याने वरून पॉलिश फासलं आणि हात झटकले. नवी होते तेव्हा लोक माझ्यावरून हात फिरवून वा वा करत. मग पॉलिश उडालं, खालच्या बाजूला पोरांनी च्युइंगम चिकटवलं आणि माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलं. गाठ मात्र शाबूत आहे. ती गुडघ्याला टोचते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद होतो.

गुडघ्यांवरून मला माणूस कळतो. अर्धं बूड बाकावर टेकून देवापुढे लोटांगण घातल्याचा आव आणणारे मी पुष्कळ पाहिले. पण माझा खरा राग होता तो एका घड्याळजीवर. तो बरोबर माझ्या गाठीसमोर बसायचा. म्हणून त्याने स्वतःपुरती मखमली उशी करून आणली होती. आमच्याकडे आजाऱ्यांसाठीची प्रार्थना पहिल्या बाकावरचा माणूस मोठ्याने म्हणतो. ते काम त्याने कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. आवाज खणखणीत, शब्द निवडक. लोक त्याला भक्तिमान म्हणत. मी त्याला उशी म्हणायचे.

त्याच बाकावर त्याचा धाकटा भाऊ बसायचा. तो ट्रक चालवायचा. दोघांच्या मध्ये त्यांची आई. भावाभावांत बोलणं बंद होतं. वडील वारले तेव्हा धाकटा लांबच्या फेरीवर होता. वेळ म्हणजे वेळ, असं म्हणत घड्याळजीने दफन उरकून टाकलं. धाकटा तासाभराने पोचला, तेव्हा वडिलांवर माती पडून गेली होती. त्यानंतर तो दादाशी एक शब्द बोलला नाही, आणि दादानेही कधी विषय काढला नाही.

आई मात्र मला आवडायची. एवढी एकच. ती चपला काढायची, वाकून माझ्याखाली हात घालायची आणि "पाय मागे घ्या रे" असं म्हणत मला अलगद उतरवायची. तिची प्रार्थना जेमतेम एका श्वासाची. देवा, माझ्या पोरांना बोलतं कर. बस्स. एरवी ती नुसती डोकं खाली घालून बसून राहायची, जवळच्या माणसापाशी गप्प बसावं तशी.

मग ती आजारी पडली आणि तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी आशा सोडली. दोघं एकदम भेटायला या, एवढंच तिचं मागणं होतं. पण थोरला पाचला जायचा आणि तो बाहेर पडल्याची खात्री करून धाकटा सहाला. आईच्या उशाशीसुद्धा यांचा ताठा जाईना. मला हात असते तर मी दोघांच्या कानाखाली काढली असती.

त्या रविवारी मध्ये आईची जागा रिकामी होती. फादर म्हणाले, गुडघे टेका. सगळ्या चर्चने टेकले, आमचा बाक तसाच. मला उतरवायला आधी कोण वाकणार, यावर दोघं अडून बसले होते. शेवटी धाकटा वाकला. आईसारखाच त्याने माझ्याखाली हात घातला. नेमक्या त्याच क्षणी घड्याळजीने समोर बघत बुटाच्या टोकाने मला लाथ मारली. मी धाडकन पडले. धाकट्याची बोटं माझ्या बुटक्या लाकडी पायाखाली चेंगरली आणि त्यावर घड्याळजीने उशी टाकून, डोळे मिटून, गुडघे टेकले.

"हे प्रभू," त्याने सुरुवात केली, "आमचा अहंकार मोडून टाक. आम्हांला नम्र कर."

माझ्याखाली रक्त पसरत होतं. धाकट्याने हात ओढून पाहिला, पण निघेना. त्याने ओठ चावला, पण तोंड उघडलं नाही. बोटं गेली तरी चालतील, पण या माणसाशी बोलणार नाही, असं चाललं होतं. वर थोरला आईसाठी प्रार्थना करत होता आणि दर वाक्याला माझ्यावर भार वाढवत होता.

"दादा, ऊठ," शेवटी धाकटा पुटपुटला.

घड्याळजीने एक डोळा उघडला, कपाळाला आठी घातली आणि आवाज आणखी चढवला.

"दादा, माझी बोटं."

मग त्याने खाली पाहिलं. प्रार्थना अर्ध्या वाक्यावर थांबली. तो बाजूला झाला आणि मला उचलण्यासाठी उघड्या फरशीवर इतका वाकला, की त्याचं कपाळ धाकट्याच्या चपलेला लागलं. उशीचा अभ्रा ओढून काढून त्याने हाताला गुंडाळला.

"आधी का नाही बोललास?"

"तू कुणासाठी थांबतोस?" धाकटा म्हणाला.

प्रार्थना आमेनशिवाय तशीच टाकून घड्याळजी भावाला घेऊन निघाला. माझ्या मते त्याची तेवढी एकच प्रार्थना देवापर्यंत पोचली.

पुढचं मला धाकट्याच्या बायकोकडून कळलं. ती नंतर मागच्या बाकावरच्या बाईला सांगत होती. आई होती तोच दवाखाना. हाताला पट्टी बांधून झाली आणि दोघं एकदम आईपुढे उभे राहिले. हाताला काय झालं, असं आईने विचारलं. चर्चची फळी पडली, धाकटा म्हणाला. बघा, खापर माझ्यावर!

पण थोरला म्हणाला, "फळीवर मी होतो, आई. खाली बघितलंच नाही."

आईने दोघांचे हात चाचपले. दोन दिवसांनी ती गेली. दफनाच्या वेळी धाकट्याचा उजवा हात बांधलेला होता. डाव्या हाताने मूठभर माती घ्यायला त्याला फार वेळ लागत होता. घड्याळजी थांबला.

तेव्हा मित्रांनो, मला पॉलिश नको, उशी तर मुळीच नको. मला पायाने पाडू नका. आधी वाका, माझ्याखाली कोणाची बोटं अडकलेली नाहीत ना ते बघा, आणि मगच देवाला हाक मारा. नाहीतर माझी गाठ अजून जागेवरच आहे.