खुरपणीचा रोज

अडीचशे! पोरीच्या लग्नाच्या साली अडीचशे, आन् पोरीचं पोरगं अंगणवाडीत जायला लागलं तरी अडीचशेच! मनकर्णा दोन दिवस धुमसत होती. पालमच्या बाजारात तेल कुठल्या कुठं गेलं, गॅस कुठं गेला, आणि बाईचा रोज तेवढा दावणीला बांधल्यागत जागचा हलायला तयार नाही. पावसानं उघडीप दिली होती, सोयाबीनमध्ये गवत मातलं होतं. तिच्या टोळीतल्या बायांनी मारुतीच्या पारावर ठरवूनच टाकलं, तीनशे दिल्याशिवाय तात्यारावाच्या वावरात पाय ठेवायचा नाही.

तात्याराव मोठ्या खटल्याचा, पण रडायला पुढं. म्हणाला, "मनकर्णाबाई, सोयाबीनचा भाव तरी कुठं वाढलाय? मी कुठून देऊ?"

"तुमचा भाव वाढंना मनून आमच्या पोटाला चिमटा व्हय? जा की, भाव पाडणाऱ्यासंगं भांडा! आमीच सापडलो का?"

तो भांडला नाही. त्यानं गंगेपल्याडून, गोदावरीच्या पलीकडच्या गावांतून, जीप भरून बाया मागवल्या, दोनशे रोजावर.

हे कळलं आणि मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोळी घेऊन ती वावराच्या वाटेवर आडवीच बसली. जीप आली, हॉर्न वाजवून वाजवून थकली. मनकर्णा उठून जीपच्या मागं गेली आणि तोंडाला रुमाल बांधून दाटीवाटीनं बसलेल्या बायांवर बरसली, "लाज वाटती का न्हाई गं? दुसऱ्याच्या तोंडातला घास काढायला निघाल्यात भवान्या! घरी माय न्हाई का तुमच्या?"

"हाय की," कोपऱ्यातली एक म्हणाली. "ही काय, समोरच उभी हाय."

तिनं रुमाल खाली ओढला. राजेश्री! मनकर्णाच्या पोटची पोर.

"तू? तू तर चाकणला..."

"काय ठेवलंय चाकणला? लग्नात होता तेवढाच पगार हाय त्यांचा. ओव्हरटाइम बंद झाला, खोलीचं भाडं मात्र दरसाली चढायलंय. लेकराला घेऊन सासरी आले मी. तुला कोणत्या तोंडानं सांगू? आमच्याकडं दीडशेच देतेत, माय. ह्याच गावाला यायचंय ते जीपमधी बसल्यावर कळलं. सोड वाट. रिकाम्या हातानं गेले तर सासू काय म्हणंल?"

मागं टोळी वाट अडवून बसलेलीच. बाजूला सरावं तर ह्या बायांचे पन्नास गेले, आणि पुन्हा कुणी तिच्या शब्दावर काम सोडून बसणार नाही. न सरावं तर पोरीचा दिवस बुडाला. ही पाळी आणली कुणी? ज्यानं आणली तो मुडदा ना जीपमध्ये होता, ना वावरात. असता तर तिनं त्याला तिथंच उभा फाडला असता.

"न्हाई सोडत!" ती किंचाळली. "वळवा जीप!"

राजेश्रीनं पुन्हा रुमाल बांधला. जीप वळली तेव्हा तिनं मायकडं बघितलंसुद्धा नाही.

दुपारपर्यंत तात्याराव नरमला. गवत काही त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. "तीनशे तर तीनशे, चला," म्हणाला.

"जिंकलो की गं!" टोळीतल्या पंचफुलानं टाळीसाठी हात पुढं केला.

मनकर्णा तिच्यावरच खेकसली, "कुणाला गं? कुणाला जिंकलो?"

उत्तराला न थांबता ती वावरात शिरली आणि सपासप खुरपं चालवायला लागली. गवतासंगं सोयाबीनची रोपंही उपटून येत होती. तात्याराव बांधावरून बघत होता, पण तिला अडवायची त्याची छाती झाली नाही.