ज्ञानचंदचा सातवा फोटो

मित्रांनो, मी एक जुना डबा कॅमेरा आहे. अमळनेरच्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून आहे. माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे आणि रोल फिरवायची किल्ली गंजली आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. वस्तू जुन्या होतातच. मला दुःख आहे ते एका फोटोचं. दीड वर्ष तो माझ्या पोटात सुखरूप होता, आणि एका क्षणात गेला.

माझी बनावट अगदी साधी. पत्र्याचा काळा डबा, पुढे भिंग, बाजूला खटका, आणि मागे आकडा दाखवणारी लहानशी लाल खिडकी. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. १९६४ साली रिखबचंद शेठजींनी मला जळगावहून आणलं. शेठजींची अमळनेरात तेलाची गिरणी होती. त्यांचा एकुलता एक मुलगा ज्ञानचंद कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होता. परीक्षेत तो चांगला पास झाला, म्हणून मी त्याचं बक्षीस.

ज्ञानचंद मला छातीशी धरायचा, मान खाली घालून माझ्या वरच्या काचेत बघायचा आणि श्वास रोखून खटका दाबायचा. रोल भरणं, काढणं हे सगळं तोच करी. रोलला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्याच्या टेबलावर मासिकातून कापलेलं एक चित्र होतं. इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठावरचं, विजेची बॅटरी शोधणाऱ्या व्होल्टाचं स्मारक. तो आईला म्हणायचा, "बाई, तिथे बोटीतून जाता येतं. मी जाणार आणि याच कॅमेऱ्यानं फोटो काढणार."

आई, म्हणजे धनकुंवरबाई, म्हणायच्या, "आधी जेवून घे."

१९६५च्या पावसाळ्यानंतर त्यानं माझ्यात नवा रोल भरला. पहिले सहा फोटो त्यानं काढले. सातवा त्याचा स्वतःचा होता. बोरी नदीच्या पुलावर त्याचा मित्र लीलाधर यानं तो काढला. वाऱ्यानं केस उडाले होते आणि ज्ञानचंद हसत होता. मोठेपणीचा त्याचा तेवढा एकच फोटो. घरात दुसरा होता तो दोन वर्षांचा असतानाचा.

दिवाळीनंतर त्याला विषमज्वर झाला. अठराव्या दिवशी तो गेला.

धनकुंवरबाईंनी मला कपाटात ठेवलं. रोल धुवायला टाकू या, असं शेठजी दोनदा म्हणाले. त्या म्हणाल्या, "राहू द्या. अजून पाच फोटो बाकी आहेत." मला वाटतं, रोल संपला की मुलाचं सगळंच संपलं, अशी त्यांना भीती वाटत होती.

१९६७च्या मे महिन्यात शेठजींना तेल काढायचं नवं यंत्र बघायला इटलीतल्या मिलान शहरी जायचं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी धनकुंवरबाईंनी स्वतः कपाट उघडलं. मला पदरानं पुसलं आणि शेठजींच्या हाती दिलं.

"उरलेले पाच तिथले काढा," त्या म्हणाल्या. "त्याचा फोटो आणि त्याचं तळं एकाच रोलमध्ये येऊ द्या. मग धुवू."

मिलानचं काम आटोपल्यावर एका रविवारी शेठजी आगगाडीनं कोमोला गेले आणि बोटीत बसले. दोन्हीकडे उंच हिरवे डोंगर आणि मधे गर्द निळं पाणी होतं. बोट या काठाला लागे, त्या काठाला लागे. लोक उतरत, हसत, हात हलवत. शेठजी मला मांडीवर घेऊन एकटेच बसले होते. खाकऱ्याचा डबा त्यांनी उघडलासुद्धा नाही.

बोट लागे त्या गावांत शेठजीही थोडा वेळ उतरत; तिथे ठिकठिकाणी पुतळे होते. कुणी सेनापती, कुणी धर्मगुरू, कुणी लढाईत पडलेला शिपाई. शेठजींना नावं वाचता येत नव्हती. तरी प्रत्येक पुतळ्यापुढे ते टोपी काढून उभे राहत. एकदा ते हळूच पुटपुटले, "यांचे चेहरे दगडात तरी राहिले."

आठवा फोटो त्यांनी पाण्याचा काढला, नववा गॅरिबाल्डी नावाच्या सेनापतीच्या पुतळ्याचा. दहावा आणि अकरावा बोटीतून दिसणाऱ्या काठाचा. बारावा मात्र जपून ठेवला. दुपारी बोट परत कोमोला लागली आणि ते व्होल्टाच्या स्मारकापाशी आले. पाण्याच्या काठी गोल घुमटाची पांढरी इमारत. मुलाच्या टेबलावरच्या चित्रात होती तशीच. शेठजींनी मला छातीशी धरलं. मान खाली घालून वरच्या काचेत बघितलं. मग खटका दाबला.

बारा झाले.

पुढे काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटच्या फोटोनंतर रोल पूर्ण गुंडाळेपर्यंत किल्ली फिरवायची असते, नाहीतर पाठ उघडताच उजेड लागून फोटो जातात. त्यांना वाटलं, काम झालं, आता मुलाचा रोल या डब्यात नको, आपल्या आतल्या खिशात असू दे. पायरीवर बसून, भर उन्हात, त्यांनी माझी पाठ उघडली. रोल निघेना. त्यांनी फिल्मवर गुंडाळलेल्या कागदाचं टोक धरून ओढलं. फिल्मची लांब पट्टी त्यांच्या मांडीवर येऊन पडली.

मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो.

स्मारकाचा म्हातारा रखवालदार हात हलवत धावत आला. त्यानं आपला कोट काढून शेठजींच्या मांडीवर टाकला. शेठजींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. तो म्हातारा मग त्यांच्या शेजारी बसून राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सरोवरात बोटी येत होत्या, जात होत्या.

जळगावच्या स्टुडिओवाल्या मगनभाऊंनी रोल धुतला. ते बाहेर आले आणि म्हणाले, "शेठजी, अकरा गेले. सगळ्यात आतला होता तो पहिला तेवढा अर्धामुर्धा वाचला."

"सातवा?" शेठजींनी विचारलं.

मगनभाऊंनी नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर शेठजी खोटं बोलले नाहीत. उंबऱ्यातच म्हणाले, "मी उघडला. माझ्या हातानं गेला तो." धनकुंवरबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाल्या, "तुम्हाला तरी काय ठाऊक होतं." त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर शेठजी नीट झोपले नाहीत. नवं यंत्रही आलं नाही. बाजारात कुणी विचारलं, "शेठजी, इटली कशी होती?" तर ते एवढंच म्हणत, "पाणी होतं."

वाचलेला फोटो धनकुंवरबाईंचाच होता. गच्चीवर त्या पापड वाळत घालत आहेत. उरलेला अर्धा भाग पांढऱ्या उजेडानं खाऊन टाकलेला. घरी काम करणाऱ्या भिकुबाईनं तो उलटसुलट करून बघितला आणि ज्ञानचंदला शोधत विचारलं, "अक्का, ह्यामा दादा कोठे शे?"

धनकुंवरबाईंनी फोटोच्या खालच्या कडेला बोट ठेवलं. तिथे त्यांच्या पायाशी एक सावली पडली होती. मान खाली घातलेली, कोपरं बाहेर आलेली, छातीशी एक डबा धरलेला.

"हा काय," त्या म्हणाल्या. "फोटो काढतोय."

शेठजी उठून गच्चीवर निघून गेले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी सांगत नाही. माझे दिवस गेले. पण तुमच्या घरी असा एखादा कॅमेरा असेल आणि त्यात कुणाचा चेहरा अडकून पडला असेल, तर रोल संपायची वाट पाहू नका. जाणकाराच्या हाती द्या आणि लवकर धुवून घ्या. ज्याचा फोटो आहे तो शेजारी बसून "मी असा दिसतो होय?" म्हणत हसेल, तोवरच तो बघा. आम्ही कॅमेरे चेहरे टिपतो. ते सांभाळणं आमच्या हातात नसतं.