पुलापर्यंत जाऊन परत

घरात मेकॅनिक असला की घरातल्या गाड्या कायम आजारी असतात. आमच्या शेजारच्या टाचणीवहिनींचे दीर गॅरेजवाले. त्यामुळे त्यांच्या घरची रीत ठरलेली: काही वाजलं, गळलं, अडलं की गाडी भाऊजींकडे. दुसरीकडे नेणं म्हणजे फितुरी, आणि स्वतः पाना हातात घेणं म्हणजे तर थेट अपमान. भाऊजी घरच्यांकडून काही घेत नसत, म्हणून घरच्यांची गाडी सगळ्यांच्या मागे उभी राही. फुकटच्या कामाचं असंच असतं. पावती मिळत नाही, घाई करता येत नाही, आणि उपकार मात्र जमेला धरला जातो.

टाचणी हे नाव गल्लीने दिलेलं. बाई शिवणकाम करते, दिवसभर ओठांत टाचण्या, बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून. त्यामुळे कमी बोलते असं वाटतं. तसं काही नाही. टाचण्या बाहेर काढल्या की कळतं.

यांची मोटरसायकल लांब पल्ल्याची. मोठी टाकी, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे वारा अडवायला काच. नवरा-बायकोने हौसेने घेतली, दोनदा लांबवर जाऊनही आले. मग नवऱ्याच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्याला गाडीवरून कायमचा उतरवला. लोक म्हणाले, चला, हौस फिटली. वहिनींची फिटली नव्हती. चालवायला शिकल्या, लायसन काढलं आणि डोंगरापलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीला कळवून टाकलं, मी येतेय. एकटी. गाडीवर.

तेवढ्यात गाडी सर्व्हिसिंगला गेली ती गेलीच.

"पार्ट यायचाय, वहिनी," भाऊजी म्हणत. कुठला पार्ट, ते दर वेळी बदलायचं. एकदा फिल्टर, एकदा प्लग, एकदा नुसतंच 'आतलं काहीतरी'. उन्हाळा सरला, थंडी पडली, पार्ट काही आला नाही. आलं ते गिऱ्हाईक.

"चांगला माणूस आहे, जपून वापरेल," भाऊजी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून सांगत होते. "गाडी पडून सडतेय. दादाला चालवता येत नाही. मग ठेवायची कुणासाठी?"

प्रश्न थोरल्या भावाला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला होता. माणूस सज्जन. घरात वाद पेटला की त्याला आठवतं, आपल्याला तहान लागलीय. तो माठाकडे वळला.

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. "या वयात बाईमाणसाने एकटीने घाट चढायचा? पडली तर उचलणार कोण?"

वहिनींनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "ठेवायची ती माझ्यासाठी. आणि पडले तर मीच उठेन. आजवर काय कुणी उचलायला उभं होतं?"

भाऊजी हसले. हसण्यात राग नव्हता, हेच वाईट. "सुरू तर होऊ दे आधी. असं करा वहिनी, शनिवारी सकाळी गाडी तुमची तुम्ही सुरू करा. नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत या. आलात तर गाडी राहिली. नाहीतर दुपारी गिऱ्हाईक येतंय. मी हात लावणार नाही, आधीच सांगतो."

"लावूही नका," वहिनी म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी गॅरेजातून गाडी ढकलत आणली. घर ते गॅरेज हा रस्ता जाताना उताराचा, म्हणजे येताना चढाचा. पदर खोचलेला, हँडलवर दोन्ही हात, मागे पाठीला पट्टा बांधलेला नवरा नुसतीच सोबत करतोय. मी विचारलं, "हात देऊ का?"

"फाटक उघडा. तेवढं पुरे."

पुढच्या खोलीतलं कापड कापायचं टेबल भिंतीशी सरकलं आणि तिथे गाडी उभी राहिली. मापं द्यायला येणाऱ्या बायका इंजिनाला वळसा घालून आरशापुढे जाऊ लागल्या. नवरा खुर्चीत बसून गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक मोठ्याने वाचायचा आणि वहिनी खाली गोधडी अंथरून आडव्या. जुनं तेल काढलं, ते डांबरासारखं निघालं. फिल्टर बदलला, प्लग बदलला, बॅटरी चार्जिंगला लावली. कोपऱ्यावरच्या दुकानात हे सगळे पार्ट फळीवर मांडलेले होते, पहिल्याच दिवशी मिळाले. वहिनींनी या गोष्टीची नुसती नोंद घेतली. बायका नोंद घेतात तेव्हा पुरुषांनी जपून राहावं.

खरा घोळ कार्ब्युरेटरमध्ये होता. उभ्या गाडीतलं पेट्रोल आटून त्याची राळ झाली होती आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणारं केसाएवढं भोक बुजलं होतं. वहिनींनी सुई उचलली.

"सुई नको, भोक मोठं होईल असं लिहिलंय," नवरा म्हणाला.

"आयुष्यभर सुईवर पोट भरलं, आणि आज तीच चालत नाही!" असं म्हणत त्यांनी नायलॉनचा दोरा ओवला आणि भोक स्वच्छ केलं. गुरुवारी दुपारी बटण दाबलं. गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली. आरशापुढची बाई दचकून एका बाहीनिशी बाहेर पळाली.

राहिली चेन. ती लोंबत होती. नवऱ्याने वाचलं, "मधोमध दोन बोटं वर-खाली हलली पाहिजे."

"दोन बोटं? एवढा झोळ? अहो, छापायला चुकले असतील. असं शिवून दिलं तर गिऱ्हाईक कापड तोंडावर फेकेल."

जिने जन्मभर दुसऱ्याचे झोळ काढले तिला ढील बघवत नाही. त्यांनी मागच्या चाकाचे स्क्रू फिरवून चेन अशी ताणली की वाजवली असती तर सूर लागला असता.

शुक्रवारी सकाळी गल्लीत फेरी मारायला निघाल्या. चार घरं नीट गेली. गतिरोधकावर मागचं चाक वर उडालं आणि खालून असा करकरीत आवाज आला की झोपलेलं कुत्रं उठून बसलं. जितकं पुढे जावं तितकं रडणं वाढत गेलं.

भाऊजी नेमके कोपऱ्यावर. "वहिनी, माहेरी निघालेली सासुरवाशीण हसते म्हणतात. ही तर रडतेय! गिऱ्हाईकाला सकाळीच बोलावू का?"

वहिनी वळल्या आणि गाडी घरात घेतली. नवरा हळूच म्हणाला, "अगं, विचारू या का त्याला? शेवटी भाऊच आहे."

"विचारा. आणि मग मेल्यावरही विचारत बसा."

दुपारपर्यंत त्या गाडीशेजारी स्टुलावर बसून होत्या. मशीनवर दुरुस्तीला आलेली एक पँट पडली होती, बसताना मागून उसवलेली. दुसऱ्याच कुणी शिवलेली. ती हातात घेऊन त्या पुटपुटल्या, "उभ्याने माप घेतलं असणार मेल्याने. माणूस काय उभाच राहणार आहे?"

आणि थांबल्या.

"अहो, इकडे या. गाडीवर बसा."

"माझी पाठ..."

"कुठे जायचं नाहीये. पुतळ्यासारखे बसा."

मधला स्टँड काढून त्यांनी गाडी सरळ धरली, नवरा सांभाळून बसला. त्याच्या वजनाने गाडीचा मागचा भाग खाली दबला. वहिनींनी चेनला बोट लावलं. ती तसूभरही हलेना.

"बघा! बसलं की खेचली जाते. गाडीला बसायला जागाच ठेवली नाही मी. आणि वर छापणाऱ्याला शिव्या दिल्या." त्या स्वतःवर एवढ्या चिडल्या की नवरा गाडीवरून उतरायलाही घाबरला.

चाकाचा मुख्य नट सैल केला, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे उलटे फिरवले. पायघोळ पँटच्या दोन्ही तंगड्या जुळवतात तशा पट्टीने खुणा जुळवल्या, म्हणजे चाक वाकडं बसायला नको. नवऱ्याला पुन्हा बसवून बघितलं. आता जरा ढील उरली. नट आवळला, पान्यावर उभं राहून आवळला.

शनिवारी सकाळी भाऊजी आले ते गाडीभोवती फिरले, वाकले आणि चेनीला बुटाने टोचलं. ती डुलली. "ही घ्या. ढिली!"

"बसा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"गाडीवर बसा आणि मग हलवून दाखवा."

भाऊजींचं वजन थोरल्याच्या दीडपट. ते बसले नाहीत. मेकॅनिक माणूस, त्यांना ठाऊक नसेल कसं? ठाऊक असूनच बोलले होते. ते फाटकाकडे जाऊन उभे राहिले.

वहिनींनी हेल्मेट घातलं, बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली. गल्लीच्या गतिरोधकावरून ती गेली तेव्हा कुत्र्याने कानही हलवला नाही.

मग आम्ही सगळे वाट बघत बसलो. पूल काही फार लांब नाही. चहा झाला. दुसरा झाला. भाऊजींचा चेहरा तिसऱ्या चहाला उजळला. "बंद पडली असणार. टेम्पो काढतो." ते खरंच पुलापर्यंत जाऊन आले. तिथे कुणीच नव्हतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला.

"घाट सुरू झाला," वहिनींचा आवाज वाऱ्यातून आला. "गाडी छान आहे. तापली नाही, कुठे गळत नाही."

भाऊजींनी फोन हिसकावला. "वहिनी, पुलापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं!"

"कुणी ठरवलं होतं? स्वतःच्या गाडीची परीक्षा मी दिरापुढे द्यायची? भाऊजी, बहिणीला जेवायला येते म्हणून सांगितलंय. ठेवते."

सासूबाई म्हणाल्या, "परत कधी येणार, ते तरी विचारायचं!" पण फोन बंद झाला होता.

दुपारी गिऱ्हाईक आलं. बूट पुसून पायरी चढलं, इकडेतिकडे बघितलं. "गाडी कुठाय?"

भाऊजी घसा खाकरून पुढे झाले. "थोडा घोटाळा झालाय. दोन दिवसांत..."

"गाडी विकायची नाही," नवरा म्हणाला.

"दादा, तू जरा..."

"तू गप्प बस. तुझ्याकडे पार्ट यायचा होता ना? आला की ठेवून घे." मग गिऱ्हाईकाकडे वळून त्याने फाटक उघडं धरलं. "तुम्हाला त्रास झाला. पण ती गाडी माझ्या बायकोची आहे, आणि ती आत्ता चालवतेय."