रिकाम्या सभागृहातला ठोका

मित्रांनो, मी पिवळ्या बर्चच्या लाकडाचा एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकायचा नव्हे. तो निदान दोन फळ्या जोडतो. मी राज्याच्या सिनेटमध्ये अध्यक्षांच्या मेजावर पडून असायचो. मला एकदा आपटले की सभा सुरू, पुन्हा आपटले की सभा संपली. मधल्या वेळात माणसे बोलायची.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका गिरणीत झाला. तिथे दोऱ्याची रिळे कातत. लाकडी रिळे कोणी घेईनासे झाले तेव्हा मालकाने उरलेल्या लाकडातून लाटणी, दाराच्या मुठी आणि मी, असे जमेल ते कातून घेतले. माझी भावंडे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सुखाने झिजली असतील. मला राजधानीत पाठवले. माझ्यावर मेण चोळले, मुठीला पितळी कडे बसवले आणि वर्तमानपत्रात माझा फोटो छापला. शाळेच्या सहली आल्या की वेंडेल क्रॉकर नावाचा द्वारपाल मला उचलून दाखवायचा. "हा वाजला की भलेभले गप्प होतात, बरं का!" मुले टाळ्या वाजवायची. मला ते आवडायचे. खोटे कशाला बोलू?

ती वर्षे कामाची होती. रस्त्यांचे कायदे, शाळेतल्या दुधाचा कायदा, हरणांच्या शिकारीची मुदत. भांडणे कडाक्याची व्हायची, पण दुपारी तीच माणसे खालच्या उपाहारगृहात एका टेबलाशी बसून गुळचट बीन्स खायची.

सभागृहात दोन पक्ष होते. एक खिडकीकडच्या बाकांवर बसे, दुसरा भिंतीकडच्या. मी त्यांना खिडकीवाले आणि भिंतवाले म्हणतो. खरी नावे सांगून तुमचे डोके खात नाही. या गोष्टीत नावांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे.

आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश बसतात. जागा रिकामी झाली की गव्हर्नर नाव सुचवतो आणि सिनेट होय किंवा नाही म्हणते. एका शरद ऋतूत सातांपैकी एक वारले. गव्हर्नर भिंतवाल्यांचा होता, सिनेटमध्ये बहुमत खिडकीवाल्यांचे. गव्हर्नरने ज्युडिथ ओलेट या खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशबाईंचे नाव पाठवले. या बाईंनी दोन्ही पक्षांच्या लोकांना आपल्या कोर्टात सारखेच रडवले होते. यापेक्षा चांगले प्रमाणपत्र मला माहीत नाही.

खिडकीवाल्यांचा नेता रॉस हॅडली. सभा संपल्यावर तो माझ्या मेजावरच एक मांडी टेकून बसला आणि आपल्या लोकांना म्हणाला, "ओलेटबाईंवर मतदान घ्यायचं नाही. चौकशीची बैठकसुद्धा नाही."

"का पण? नाही म्हणू आणि मोकळे होऊ," एकजण म्हणाला.

"आधी मोज, मग बोल. आपलेच चारपाच जण हो म्हणतील. बाई चांगली आहे ना! वाईट असती तर आजच मतदान लावलं असतं."

सगळे हसले. एमरी स्टॅपल्स हसला नाही. तो त्यांच्यातला सर्वांत म्हातारा, सिनेटच्या मागच्याच गल्लीत राहणारा. तो म्हणाला, "रॉस, तिला खालच्या कोर्टावर नेमलं तेव्हा तिच्या बाजूने मी भाषण केलं होतं. इथेच, उभा राहून."

"छान झालं होतं रे, म्हाताऱ्या. आता वर्षभर घशाला आराम दे. पुढच्या निवडणुकीत गव्हर्नर आपला येईल, मग खुर्चीही आपली."

डाव एवढाच. हरण्याची भीती असेल तर खेळच सुरू करायचा नाही.

एक अडचण मात्र होती. आमच्या राज्यघटनेत असे लिहिले आहे की सिनेट सलग तीन दिवस बसलीच नाही, तर तिसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर गव्हर्नरला परस्पर न्यायाधीश नेमता येतो. नाताळनंतर सिनेटला लांब सुटी असते. म्हणून हॅडलीने लुटुपुटूच्या बैठका लावल्या. पाळी असेल तो सदस्य यायचा, ओला कोटही न काढता मला आपटायचा, रिकाम्या बाकांकडे बघून "सभा सुरू आहे" म्हणायचा, पुन्हा आपटायचा आणि जायचा. बाहेर त्याची गाडी सुरूच असायची.

अशा बैठकांना प्रेक्षकांच्या सज्जात एकच बाई येऊन बसे. रीना गॅन्यो. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिचा मुलगा लिओ आग लावल्याच्या आरोपावरून तुरुंगात होता. ज्या साक्षीदारामुळे तो आत गेला, त्याने पुढे कबूल केले की मी खोटे बोललो. रीनाने वरच्या कोर्टाकडे नव्याने खटला चालवण्याची मागणी केली होती. तिच्या वकिलाने तिला स्पष्ट सांगितले होते, "सहाजणांत तीन आपल्याला अनुकूल दिसतात, तीन नाहीत. बरोबरी झाली तर जुना निकाल कायम. आपल्याला सातवा माणूस हवा."

वेंडेल तिला म्हणायचा, "बाई, इथे काहीसुद्धा होत नाही हो. कशाला येता?"

"काही होत नाही तेच बघायला येते."

जानेवारीत एकदा बर्फ असे पडले की पायऱ्या दिसेनात. तो तिसरा दिवस होता. ज्याची पाळी होती त्याची गाडी वाटेत खड्ड्यात गेली. वेंडेलने रेडिओवर ऐकले आणि सज्जात जाऊन रीनाला सांगितले. बर्फ पडणार म्हणून ती आदल्या दिवशीच शहरातल्या बहिणीकडे मुक्कामाला आली होती आणि सकाळी चालत येऊन बसली होती.

"म्हणजे आज कोणीच नाही?" तिने विचारले.

"बारापर्यंत कोणी आलं नाही तर नाही. तिकडे गव्हर्नर पेन हातात धरून बसलाय म्हणे." वेंडेलने डोनट पुढे केला. "खा. घड्याळाकडे बघून ते पळत नाही."

तिने डोनट घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. मी मेजावरून तिच्याकडे बघत होतो. इतक्या वर्षांत प्रथमच मला कोणी उचलू नये असे वाटत होते.

बाराला थोडा वेळ असताना दार उघडले. एमरी स्टॅपल्स आत आला. बुटांना बर्फावर चालायच्या जाळ्या बांधलेल्या, भुवया पांढऱ्या, कानाला फोन. फोनवर हॅडली इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होते.

"पोचलास? शाब्बास! आता फोन मेजावर ठेव. मला ठोका ऐकू आला पाहिजे."

रीना सज्जाच्या कठड्याशी आली. "सिनेटर, मी तुमच्याच मतदारसंघातली. दर वेळी तुम्हालाच मत दिलंय."

एमरीने वर बघितले. "ओळखतो तुम्हाला. लिओची आई."

"मग बसा ना जरा. चालून दमला असाल. नुसतं बसून राहा. त्यात काही गुन्हा नाही."

"बाई, ओलेट चांगली न्यायाधीश आहे. मी नाही म्हणत नाही."

"मग भांडण कोणाशी आहे?"

"भांडण नाही. गणित आहे."

"त्या गणितात माझा लिओ कुठे येतो?"

एमरीने फोन माझ्याशेजारी मेजावर ठेवला. त्यातून हॅडली ओरडला, "एमरी, कोणाशी गप्पा मारतोयस? पुढच्या वेळी तिकीट हवंय ना?"

एमरीने हातमोजा काढला. त्याची बोटे गारठली होती, मला नीट धरताही येत नव्हते. तो मला सोडून देईल असे क्षणभर वाटले. मग त्याने दुसरा हात लावला आणि दोन्ही हातांनी मला आपटले. "सभा सुरू आहे." पुन्हा आपटले. फोनमधून हॅडली म्हणाला, "झकास!"

 डोनट कठड्यावर ठेवून रीना निघून गेली. एमरी मात्र बराच वेळ अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता. सभा संपल्यावर बसून राहायला कोणाची हरकत नसते.

वसंतात कोर्टाचा निकाल आला. तीन विरुद्ध तीन. लिओ आतच राहिला.

पुढे निवडणुकीत गव्हर्नर खिडकीवाल्यांचा आला. त्यांनी आपला माणूस त्या खुर्चीवर आठवड्याभरात बसवला. हॅडलीने भाषण केले, "न्यायालयातली रिकामी खुर्ची म्हणजे जनतेचा अपमान!" भिंतवाल्यांनी बाक वाजवून निषेध केला. मला त्यांची कीव येत होती. ती टिकली नाही. काही वर्षांनी सिनेट भिंतवाल्यांची झाली, पुन्हा एक न्यायाधीश गेला, आणि आता भिंतवाले मला रिकाम्या सभागृहात आपटू लागले. बाहेर त्यांच्याही गाड्या सुरूच असायच्या. त्यांचा नेता म्हणाला, "घाई कशाला? जनतेला ठरवू द्या." खिडकीवाले ओरडले, "लोकशाहीचा खून!" दोन्ही बाजूंची दोन्ही भाषणे मला पाठ आहेत. अधूनमधून ते ती एकमेकांना वापरायला देतात, इतकेच.

नंतर माझ्या डोक्याला चीर गेली. अक्रोडाच्या लाकडाचा नवा हातोडा आला. एमरी निवृत्त होत होता, म्हणून मला त्याच्या हाती भेट म्हणून दिले. मखमलीची पेटी, वर पितळी पाटी, 'निष्ठावान सेवेबद्दल'. त्याने पेटी कपाटावर टाकली. मी तिथे धूळ खात पडलो. धुळीचे मला वाईट वाटले नाही. निदान ती दोन्ही बाजूंवर सारखी बसते.

एके रविवारी त्याने मला पेटीतून काढून कोटाच्या खिशात घातले आणि गाडी काढली. आम्ही रीनाच्या दारात गेलो. तिने दार उघडले. एमरीने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माफी मागायला आला असाल तर थंडीत उभे राहू नका, परत जा. मला त्याचा उपयोग नाही. गाडी आणलीय?"

"आणलीय."

"तुरुंगापर्यंत जाणारी बस बंद केलीय तुमच्या सिनेटने. आज भेटीचा दिवस आहे. चला."

तेव्हापासून दर भेटीच्या दिवशी तो तिला नेतो. ती आत जाते, तो गाडीत बसतो. त्यामुळे फेड झाली असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही.

मागच्या खेपेला तिने हातमोजे शोधायला गाडीतला खण उघडला. पहिल्या दिवशी एमरीने खिशातून काढून टाकलेला मी तिथेच होतो. तिने मला तळहातावर घेतले, वर-खाली केले.

"हाच तो?"

"हाच."

"किती हलका आहे हो," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, दोन हात लागतात म्हणजे जड असेल."

एमरी रस्त्याकडे बघत राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना तेलपाणी करा, असे सांगायची माझ्या जातीच्या वस्तूंची पद्धत आहे. मी तसे सांगणार नाही. मला चुलीत घाला, बर्च छान जळतो. नवा हातोडा कातायला एक सकाळ पुरते. तुम्ही सज्जात जाऊन बसा. कंटाळा येईल, खाली काहीच होत नसेल, तरी बसा. त्या दिवशी एमरीने वर बघितले तेव्हा तिथे एकच बाई होती, आणि एका बाईची नजर चुकवता येते. सज्जा भरलेला असता तर त्याने मला आपटले नसते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नजर चुकवायला त्याला जागा उरली नसती.